जाहिरातीच्या कल्पनांची बैठक : छोट्या उद्योगाने पैसे मोजावेत असे तिच्यात काय आहे?

पुण्या-मुंबईतील काही छोट्या जाहिरात संस्था आता संपूर्ण मोहिमेऐवजी केवळ कल्पनांची बैठक विकू लागल्या आहेत. उत्पादकाने आपला माल घेऊन यायचे, संस्थेची पाच-सहा माणसे आणि उत्पादकाकडची एक-दोन माणसे यांनी अर्धा दिवस एकत्र बसायचे, आणि आठवड्याभरात निवडक कल्पनांचे टिपण उत्पादकाच्या हाती द्यायचे, असे या सेवेचे स्वरूप असते. चित्रीकरण, छपाई किंवा वर्तमानपत्रातील जागा यांपैकी काहीही या शुल्कात येत नाही. आम्ही यंदाच्या हंगामाआधी पुण्यातील एका संस्थेकडून ही सेवा घेतली. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण या बैठकीचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो आणि हे परीक्षण त्या साच्याचे आहे. शुल्क वीस हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे होते. मोठ्या कंपनीला ही रक्कम किरकोळ वाटेल. आमच्यासारख्या उद्योगाला मात्र तेवढ्या पैशांत एका हंगामाची लेबले छापून मिळतात, म्हणून तिचा हिशेब नीट मांडणे मला आवश्यक वाटते.

आमचा उद्योग रत्नागिरी जिल्ह्यातला, कोकमाचा. आमसूल, आगळ आणि अमृत कोकम, म्हणजे कोकमाचे गोड सरबत, ही आमची तीन उत्पादने. आमसुलाचे गिऱ्हाईक ठरलेले आहे आणि सरबत उन्हाळ्यात आपोआप खपते. अडचण आहे ती आगळाची. आगळ म्हणजे रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, मीठ घातलेला रस. त्यात साखर नसते, आणि सोलकढीसाठी त्याच्याइतकी सोयीची दुसरी वस्तू नाही. परंतु दुकानाच्या फळीवर आगळाची बाटली आणि सरबताची बाटली शेजारी ठेवली, तर शहरातील गिऱ्हाइकाला दोन्ही सारख्याच गडद लाल दिसतात. सरबत समजून आगळ नेणारा माणूस पहिल्या घोटालाच तोंड वाकडे करतो आणि पुन्हा त्या बाटलीला हात लावत नाही. आगळ काय आहे आणि त्याचे काय करायचे, हे बाटली पाहताक्षणी कळावे, एवढीच मागणी घेऊन आम्ही गेलो होतो.

बैठकीचा पहिला तास केवळ प्रश्नांचा होता, आणि या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. संस्थेतील कॉपीरायटर बाई, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्या, आणि चित्रांची बाजू सांभाळणारे त्यांचे आर्ट डायरेक्टर सहकारी यांनी एकही कल्पना न मांडता आमच्या वहिनींना नुसते विचारत नेले. रातांबे झाडावरून उतरवतात की खाली पडलेले वेचतात? फोडल्यावर बिया कुठे जातात? आमसुलाला रसाची पुटे किती वेळा द्यावी लागतात? रस चिनी मातीच्या बरणीतच का ठेवतात? वहिनी आधी संकोचल्या होत्या, कारण त्यांच्या दृष्टीने यात सांगण्याजोगे काहीच नव्हते; हे सगळे आमच्याकडे घरोघरी होते. पण हळूहळू त्या सांगू लागल्या. साली रसात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, आणि हे सगळे पहिला पाऊस यायच्या आत उरकायचे. ढग दिसले की अंगणातले सगळे सोडून आधी सोले, म्हणजे वाळत घातलेल्या साली, आत घ्यायची. रस आंबट, म्हणून धातूच्या भांड्याला चालत नाही. हंगामभर बोटांचा रंग जात नाही. बियांचे तेल काढून त्याचे मुठेल करतात आणि ते थंडीत टाचांच्या भेगांना लावतात. कॉपीरायटर बाई हे सगळे वहिनींच्याच शब्दांत उतरवून घेत होत्या, आणि कुठेही घाई करत नव्हत्या.

या पद्धतीला जाहिरातीच्या इतिहासात भक्कम आधार आहे. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकी कॉपीरायटरने विसाव्या शतकाच्या आरंभी श्लिट्झ या बिअरच्या कंपनीसाठी काम केले, तेव्हा तो आधी कारखाना पाहायला गेला. तेथे बाटल्या वाफेने स्वच्छ करत, पाणी खोल विहिरींतून आणत आणि गाळण्याची काळजी डोळ्यांत भरेल इतकी घेत. ‘हे तुम्ही लोकांना का सांगत नाही?’ असे त्याने विचारल्यावर, सगळेच कारखानदार असे करतात, त्यात आमचे वेगळे काय, असे उत्तर त्याला मिळाले. हॉपकिन्सने नेमके तेच जाहिरातीत सांगितले, आणि आधी कोणीच न सांगितल्यामुळे ते श्लिट्झचे झाले. मालक ज्याला ‘त्यात काय विशेष’ म्हणतो, तेथेच पुष्कळदा जाहिरातीचे बीज असते. पण मालकाला ते स्वतःहून दिसत नाही आणि त्यासाठी विचारणारा बाहेरचा माणूस लागतो. आमच्याकडच्या उद्योजकांना हे विशेष लागू पडते, कारण आपल्या कामाबद्दल बोलणे म्हणजे बढाई मारणे, असे आपल्याला लहानपणापासून वाटत आलेले असते.

दुसरा भाग लेखी होता. प्रत्येकाने कागदावर तीन कल्पना लिहायच्या, पाच मिनिटांनी कागद उजव्या हाताच्या माणसाकडे सरकवायचा, त्याने त्या वाचून खाली आपल्या तीन लिहायच्या, आणि आपला कागद आपल्याकडे परत येईपर्यंत हे चालू ठेवायचे. बर्न्ट रोरबाख या जर्मन माणसाने १९६८ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. सहा माणसे, तीन कल्पना, पाच मिनिटे, म्हणून तिला ६-३-५ म्हणतात, आणि अर्ध्या तासात त्यातून १०८ कल्पना निघू शकतात. अर्थात त्यांतल्या बऱ्याचशा टाकाऊ असतात. पण या अर्ध्या तासात खोलीत कोणी बोलत नाही आणि त्यामुळे वहिनींच्या कागदाला संस्थेच्या मालकाच्या कागदाइतकेच वजन मिळते, हे मला फार महत्त्वाचे वाटले. वहिनींनी एका कागदावर लिहिले होते, ‘नारळाच्या दुधात आगळ घातलं की कसा गुलाबी रंग येतो, तो दाखवा की.’ पुढच्या दोन माणसांनी त्याखाली भर घातली : एकाने पांढऱ्या वाटीत पडणारा एकच थेंब सुचवला, दुसऱ्याने बाटलीवर शब्दच नकोत, वाटीच पुरे, असे लिहिले.

तिसऱ्या भागात मात्र बैठकीची पातळी घसरली. ज्याला सर्वसाधारणपणे ब्रेनस्टॉर्मिंग म्हणतात तो हाच भाग : फळ्याभोवती उभे राहून सर्वांनी मोठ्याने कल्पना सांगायच्या, कोणीही कोणाला नावे ठेवायची नाहीत, आणि एकाने स्टिकी नोटांवर त्या लिहून चिकटवत जायचे. संस्थेच्या माहितीपत्रकात छायाचित्र याच भागाचे होते आणि बैठकीचा सर्वाधिक वेळही यालाच दिला होता. प्रत्यक्षात संस्थेतील ज्येष्ठ गृहस्थांनी पहिल्याच मिनिटाला ‘कोकणातली आजी’ असे म्हटले, आणि त्यानंतरचा सगळा वेळ आजीच्या अवतीभवती गेला : आजी आणि नातू, आजी आणि लाल माती, आजी आणि एसटी, आजीचे मुंबईला आलेले बोचके. समुद्र आला, नारळाची झाडे आली, कौलारू घर आले. एकही कल्पना अशी नव्हती, जिच्यातले आगळ काढून तेथे काजू किंवा फणसपोळी ठेवली असती तर काही बिघडले असते. वहिनी या भागात एक शब्दही बोलल्या नाहीत. संस्थेतली सर्वांत तरुण मुलगी, जिचा लेखी कागद मला सर्वांत ताजा वाटला होता, तीही गप्प होती.

हा त्या ज्येष्ठ गृहस्थांचा दोष नाही. बैठकीच्या रचनेतच तो आहे, आणि तो फार पूर्वी दाखवून दिला गेला आहे. ब्रेनस्टॉर्मिंगचा जनक ॲलेक्स ऑसबर्न हा स्वतः जाहिरातीतलाच माणूस, बीबीडीओ या अमेरिकी संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. टीका करायची नाही, कल्पना मोकाट सोडायच्या, संख्या वाढवायची आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची, हे त्याचे चार नियम १९५० च्या दशकात जगभरच्या कचेऱ्यांत पोहोचले. परंतु १९५८ मध्ये येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक या संशोधकांनी हे नियम तपासून पाहिले, तेव्हा एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा एकेकट्याने विचार केलेल्या चौघांच्या एकत्रित कल्पना जवळजवळ दुप्पट भरल्या. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी त्याचे एक ठळक कारण दाखवले : एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबलेल्याची कल्पना तेवढ्यात विरते किंवा त्याला ती सांगावीशी वाटत नाही. खुद्द ऑसबर्नचेही म्हणणे असे होते की गटाची बैठक ही एकट्याच्या विचाराला पूरक आहे, त्याची जागा घेणारी नाही. नियम सगळीकडे पोहोचले. ही पुस्ती मात्र वाटेत गळली.

भारतीय जाहिरातीतील ज्या कामाचे आपण सर्वजण कौतुक करतो, त्यातील बरेचसे मोठ्या घोळक्याने केलेले नाही, हेही येथे सांगायला हवे. अमूल लोण्याची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टास फर्नांडिस यांनी घडवली. पुढे वर्षानुवर्षे ताज्या घडामोडींवरचे ते फलक राहुल डाकुन्हा, लेखक मनीष झवेरी आणि चित्रकार जयंत राणे अशा जेमतेम तिघांच्या मेळातून निघत राहिले. अमेरिकेत बिल बर्नबाख यांनी लेखक आणि चित्रकार या दोघांना एका खोलीत बसवण्याची जी रीत पाडली, तिने एका पिढीची जाहिरात बदलली, आणि तीही दोघांचीच रीत होती. दोन-तीन माणसे एकमेकांना पुरती ओळखत असतील, तर त्यांच्यात संकोच नसतो आणि ‘हे जमलेले नाही’ असे सरळ सांगता येते. अर्धा दिवस भेटलेल्या आठ अनोळखी माणसांत ते शक्य नाही.

याच तिसऱ्या भागात संस्थेने एका एआय साधनाकडून काढलेली शंभरेक ओळींची यादीही पडद्यावर दाखवली. तिच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ‘कोकणची चव, आता तुमच्या घरी’ या ओळीची अनेक भावंडे तिच्यात होती, आणि मराठी शुद्ध असूनही ती बोलणाऱ्या माणसाची वाटत नव्हती. एक उपयोग मात्र झाला : जे कोणालाही सहज सुचेल ते सगळे त्या यादीत एका जागी गोळा झाले असल्यामुळे आपण कुठे जायचे नाही, हे कळले. तो उपयोग बैठकीच्या आरंभी करून घेतला असता, तर आजीवर गेलेला वेळ कदाचित वाचला असता.

सर्वांत गंभीर उणीव वेगळीच होती. फळ्यावरच्या ओळींपैकी सर्वांना जी सर्वाधिक आवडली, ती ‘पित्तावर कोकणचा रामबाण’ अशी होती. आमच्याकडे पित्त उठले की आमसुलाचे पाणी अंगाला लावतात आणि कोकम पोटाला थंड मानतात, हे खरे. परंतु अन्नपदार्थाच्या जाहिरातीत तो एखादा आजार बरा करतो किंवा टाळतो असा दावा करता येत नाही. अन्नसुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या एफएसएसएआय या केंद्रीय संस्थेचे जाहिरात आणि दावे यांविषयीचे २०१८ चे नियम याबाबत स्पष्ट आहेत. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘ताजे’, ‘पारंपरिक’ हे शब्द कोणत्या परिस्थितीत वापरावेत, याच्याही अटी त्याच नियमांत आहेत, आणि फळ्यावर हे चारही शब्द मुबलक होते. ‘रत्नागिरीचे जीआय मानांकित कोकम’ अशीही एक ओळ होती. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे हे खरे, पण ते नाव मालावर लावायचे तर उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेली असावी लागते. यांपैकी एकही गोष्ट संस्थेच्या कोणी बोलून दाखवली नाही. कल्पना निघत असताना टीका नको, हा नियम मला मान्य आहे; पण कल्पना निघून झाल्यावर, टिपण लिहिताना, ‘ही ओळ छापता येणार नाही’ एवढा शेरा मारणे हे संस्थेचे काम होते. रामबाणाची ओळ आठवड्यानंतर आलेल्या टिपणातही पहिल्या क्रमांकावर होती. ज्या उत्पादकाला नियम माहीत नाहीत, त्याने ती विश्वासाने छापली असती आणि दंडाची नोटीस त्याच्या पत्त्यावर आली असती, संस्थेच्या नव्हे.

निवडीची पद्धतही मला पटली नाही. बैठकीच्या शेवटी प्रत्येकाला तीन रंगीत टिकल्या देऊन आवडत्या कल्पनांवर त्या लावायला सांगितले. अर्धा दिवस बसून थकलेली माणसे ओळखीच्या कल्पनेला मत देतात, आणि ओळखीची कल्पना म्हणजे आधी कुठेतरी पाहिलेली. फेव्हिकॉलची ती राजस्थानी बस आठवा : टपापासून पायरीपर्यंत माणसे लटकलेली, खड्ड्यांतून हेलकावणारी, आणि कोणीही पडत नाही, मागच्या बाजूला फेव्हिकॉलची पाटी, एवढेच. पीयूष पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ते काम आहे, आणि त्यात डिंकाच्या गुणाबद्दल एकही वाक्य नाही. अशी कल्पना दमलेल्या आठ जणांपुढे कागदावरच्या एका ओळीत ठेवली तर तिला किती टिकल्या मिळाल्या असत्या, याची मला दाट शंका आहे. वाटी आणि थेंबाच्या कल्पनेला आमच्या बैठकीत एकच टिकली मिळाली आणि ती वहिनींची नव्हती. ती त्या तरुण मुलीची होती. टिपणात ही कल्पना ‘इतर’ या शीर्षकाखाली शेवटच्या पानावर आली.

आम्ही घेतली ती हीच. आगळाच्या नव्या लेबलावर पांढऱ्या वाटीत नारळाचे दूध आहे, मध्यभागी आगळाचा थेंब पडून गुलाबी वलय पसरते आहे, आणि खाली एवढेच लिहिले आहे : ‘सोलकढीसाठी. साखर नाही, मीठ आहे.’ दुसरे वाक्य वहिनींचे आहे. गिऱ्हाइकाला दुकानात उभे राहून त्या जे सांगतात, तेच. हाच थेंब पडताना दाखवणारी काही सेकंदांची चित्रफीत आम्ही घरच्याच फोनवर काढली आणि ती दुकानदारांच्या व्हॉट्सॲपवर फिरते आहे. सरबत समजून नेलेल्या बाटल्यांच्या तक्रारी कमी झाल्याचे दुकानदार सांगतात. विक्री किती वाढली, हे एका हंगामावरून ठरवणे घाईचे होईल.

आता पैशांविषयी. प्रश्नांचा तास आणि लेखी अर्धा तास यांच्यासाठी मी हे शुल्क पुन्हा देईन; बोलक्या सत्रासाठी आणि टिकल्यांसाठी देणार नाही. त्यामुळे ही सेवा घेऊ पाहणाऱ्या उद्योजकाने संस्थेशी बोलताना बैठकीची रचना आधीच मागून घ्यावी आणि वेळेची वाटणी बदलून मागावी. प्रश्नांना दोन तास द्यावेत, आणि शक्य असेल तर ते संस्थेच्या वातानुकूलित खोलीत न होता जेथे माल तयार होतो तेथे व्हावेत. कॉपीरायटरने रातांबे फोडताना पाहिले असते तर आणखी काय काय निघाले असते, याचा विचार माझ्या मनात अजून येतो. उत्पादकाकडून मालकाबरोबर प्रत्यक्ष हाताने काम करणारी व्यक्ती अवश्य न्यावी; आमच्या बैठकीला मी एकटाच गेलो असतो तर तो गुलाबी रंग कोणाच्याच कागदावर उतरला नसता. लेखी फेरी एकाऐवजी दोन व्हाव्यात. निवड त्याच दिवशी करू नये. सगळे कागद घरी न्यावेत आणि तीन-चार दिवसांनी शांतपणे पुन्हा वाचावेत. अन्नपदार्थ, औषधी किंवा सौंदर्यप्रसाधने यांचा उद्योग असेल तर टिपणातील प्रत्येक ओळ नियमांच्या कसोटीवर तपासून मिळेल, असे लेखी घ्यावे. ज्यांचा माल आधीच चांगला खपतो आहे आणि ज्यांना केवळ एखादी चटपटीत टॅगलाइन हवी आहे, त्यांनी या सेवेच्या वाटेला जाऊ नये. त्यांना एक चांगला कॉपीरायटर पुरेल, आणि तो स्वस्तही पडेल. ज्यांच्या मालाविषयी लोकांचा काही गैरसमज आहे किंवा लोकांना तो माहीतच नाही, अशांना तिचा खरा उपयोग आहे.

करारातील आणखी एका कलमाकडे लक्ष द्यावे. आमच्या करारात वापरलेल्या कल्पनेचे हक्क आमचे असे लिहिले होते; न वापरलेल्या कल्पनांविषयी त्यात काहीच नव्हते. कॉपीराइटचा १९५७ चा कायदा कल्पनेच्या अभिव्यक्तीला, म्हणजे लिहिलेल्या मजकुराला, काढलेल्या चित्राला, संरक्षण देतो. नुसत्या कल्पनेला देत नाही. त्यामुळे आमच्या प्रश्नोत्तरांतून निघालेली एखादी कल्पना उद्या संस्थेने दुसऱ्या कोकम उत्पादकाला दिली, तर आम्हाला काही म्हणता येणार नाही. संस्थेला आम्ही हे बैठकीनंतर विचारले, तेव्हा त्यांनी आमच्या क्षेत्रातील दुसऱ्या उत्पादकाला वर्षभर त्या कल्पना न देण्याचे पत्र आढेवेढे न घेता दिले. ते त्यांच्या सौजन्याने मिळाले. पैसे देण्यापूर्वीच ते करारात घालून घ्यावे, आणि बैठकीतील सर्व मूळ कागद, टाकून दिलेल्या कल्पनांसह, आपल्याकडे मागून घ्यावेत.